अक्कांच्या मागचे मास्तर

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या गणेशोत्सवात मी कराओकेच्या साथीवर एक अभंग म्हटला होता. टाळ्याही बऱ्या पडल्या. प्रसादाच्या रांगेत इरकल नेसलेल्या एक बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गळा बरा आहे गं. पण एवढी घाई कसली? गाडी नो पार्किंगमध्ये लावली होतीस का?" सुमतीअक्का देशपांडे यांच्याशी झालेली ही माझी पहिली ओळख. मी नागपूरची, उत्तर द्यायला कधी मागे न हटणारी; पण त्या दिवशी उत्तराऐवजी त्यांचा पत्ता मागितला आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी हजर झाले.

अक्का मूळच्या धारवाडच्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. लग्नानंतर इथे आल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी कायमची बाहेर काढली आणि तिथे गाण्याचा वर्ग मांडला. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात गाडी बाहेर ठेवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. गाणाऱ्यामागे एकाने तानपुरा घेऊन बसायचं, पुढच्याचा दम सरला की सूर हळूच उचलायचा आणि तो सावरला की गप्प व्हायचं, ही त्यांची शिस्त. मागे नीट बसता आल्याशिवाय त्या कुणालाही पुढे बसू देत नाहीत. मला तर त्यांनी इतका काळ मागे बसवलं की शेजारीण मला गायिका न समजता तानपुरा सांभाळणारी समजत असे.

माझी नोकरी गेली, व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर आली, तेव्हा मी फोन केला, "अक्का, आता क्लास कॅन्सल." त्या म्हणाल्या, "नोकरी गेली, गळा गेला का? शनिवारी ये. येताना दही आण." त्या दिवसांत मी कोलमडले नाही, याचं श्रेय अक्कांनाच आहे.

तरुणपणी अक्कांनी एका कन्नड चित्रपटात पार्श्वगायन केलं होतं. दरबाराचं बोलावणं नाकारून देवळातच गात राहिलेल्या एका गायिकेची ती गोष्ट. ध्वनिमुद्रणाला त्यांचे गुरू, म्हणजे मास्तर, स्वतः तानपुरा घेऊन मागे बसले. शेवटच्या अंतऱ्यात अक्कांचा दम तुटला आणि मास्तरांनी सूर उचलला, अगदी हलका. दिग्दर्शकाने तो तसाच ठेवला. मास्तरांनी आयुष्यभर स्वतःचं गाणं कुणाला मुद्रित करू दिलं नाही. त्यामुळे त्यांचा आवाज जगात उरला तो तेवढाच.

अक्कांचा अमृतमहोत्सव आला तेव्हा हा चित्रपट दाखवायचं आम्ही ठरवलं. अक्कांना सत्कारबित्कार मुळीच नको असतो. त्या तयार झाल्या त्या एकाच कारणासाठी. वर्षभरात त्यांचे कान फार उतरले होते, यंत्र लावूनही हळू आवाज निसटत होते. मोठ्या स्पीकरवर मास्तर एकदा तरी ऐकू येतील, ही त्यांची आशा होती. म्हणून त्या स्पीकरजवळची खुर्ची मागून बसल्या.

गाणं झालं. सभागृह उभं राहिलं. अक्का मात्र बसूनच होत्या. "मास्तर आले नाहीत," त्या मला म्हणाल्या. "कान गेले माझे."

आमचा गुरुबंधू निखिल शेजारीच होता. हा इथेच जन्मलेला, आता कॅलिफोर्नियात सांता क्लाराला ध्वनितंत्राच्या नोकरीत. अक्कांसाठी म्हणून त्याने कितीतरी वीकेंड खर्चून चित्रपटाची जुनी, खरखरणारी प्रत साफ केली होती. तो आनंदाने म्हणाला, "नाही अक्का, युअर इयर्स आर फाइन! मागे कुणाचा तरी आवाज लीक होत होता, दॅट वॉज जस्ट नॉइज. मी क्लीन केला." मग आमचे चेहरे बघून त्याला कळलं.

साफ न केलेली मूळ प्रत निखिलकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती घेऊन अक्कांकडे आला. चांगल्यातले चांगले हेडफोन आणले. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. शेवटी हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "माझं गाणं येतंय. मास्तर येत नाहीत." यावेळी कुणी काही साफ केलेलं नव्हतं.

निखिल रडू लागला. अक्कांनी हेडफोन त्याच्या कानाला लावले. "तुला येतात ना? मग तसं गाऊन दाखव."

त्याने त्यांच्या कानाशी वाकून मोकळ्या गळ्याने ती जागा घेतली. अक्कांनी हात वर केला. "एवढ्या मोठ्याने नाही रे. मास्तर असे ओरडत नसत." निखिलने आवाज उतरवला, मास्तरांइतका. अक्का त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "झालं का गाऊन?"

तो अजून गातच होता.

अशा गौरवग्रंथात आनंदाचं लिहावं असा संकेत आहे. मला ते जमलेलं नाही, याबद्दल संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी. अक्का शंभरी पार करोत, त्यांचे गुडघे आणि रक्तदाब शहाण्यासारखे वागोत. जे सूर त्यांच्या कानी अजून पोचतात, ते तरी देवाने नेऊ नयेत. तेही गेलेच, तर आम्ही सगळे त्यांच्यासाठी मोठ्याने गाऊ, आणि मास्तर असे ओरडत नसत म्हणून आमच्यावर रागवायला अक्का पुष्कळ वर्षं असोत.