बाबा गाडी चालवत नाहीत

मला पगार मिळतो तो विचार करायचा, आणि तोही वाईटच विचार करायचा. बेंगळुरूच्या एका कंपनीत मी हेलिकॉप्टरच्या सुरक्षिततेचं काम पाहते. हेलिकॉप्टर अजून कागदावरच असतं, आणि मी टेबलाच्या पलीकडून विचारत असते, "हे बंद पडलं तर? ते तुटलं तर? दोन्ही एकदम गेलं तर?" लग्नाच्या बैठकीत अशी बोलणारी आत्या असली तर तिला घरचे लोक काहीतरी काम काढून आतल्या खोलीत पाठवतात. मला बढती मिळाली.

आमच्या डोणगावात मात्र मी हेलिकॉप्टर चालवते असाच समज आहे. मी आजवर एकदाही हेलिकॉप्टरमध्ये बसलेली नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही. जवळून पाहिलं ते एकदाच, मेहकरला एका प्रचारसभेच्या वेळी, आणि तेव्हा डोळ्यांत इतकी धूळ गेली की पाहिलं असं म्हणणंही जरा धाडसाचंच आहे. बाबांच्या एका दोस्ताने तर पोराच्या वरातीसाठी मला निरोप धाडला होता, "येताना एक घेऊन येजो, लहानसं असलं तरी चालते."

एका दिवाळीत ओसरीवर चार माणसं बसलेली असताना बाबांनी मला विचारलं, "तू नेमकं काय करून राह्यली तथी?"

मी खुलले. मला हा विषय काढायला कुणी लागत नाही, इथे तर आयता श्रोता होता. सांगितलं, की जुन्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटने हातातला दांडा हलवला की सळ्या हलायच्या आणि ती हालचाल थेट वरच्या पात्यांपर्यंत पोचायची, बैलाच्या कासऱ्यासारखी. नव्यात तो कासराच काढून टाकलाय. दांडा हलला की तारेतून निरोप जातो, संगणक तो निरोप वाचतो आणि पाती किती कलवायची ते ठरवतो.

"अन् थो कम्प्युटर येडा झाला तर?"

हा तर माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. म्हणून एक नाही, तीन संगणक ठेवतात, मी म्हटलं. तिघं आपापलं गणित करतात. दोघांचं जुळलं आणि तिसऱ्याचं भलतंच आलं, तर तिसऱ्याला गप्प बसवायचं. नियम फार कडक आहेत. हेलिकॉप्टर कोसळेल असा बिघाड शंभर कोटी तासांच्या उड्डाणात एखाद्या वेळी झाला तर झाला. आणि एकच गोष्ट मोडली म्हणून सगळंच खाली आलं, हे तर मुळीच चालत नाही.

"तिघायनं मिळून चुकीचं सांगतलं मंग?" हे आईने आतून विचारलं.

त्यावर मी आणखी अर्धा तास बोलले असेन. तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणं हेच तर आमचं खरं काम. एकाच्या आतली यंत्रणा एका कारखान्याची, दुसऱ्याची दुसऱ्या कारखान्याची. लिहिणारी माणसं वेगळी. त्यांच्या तारासुद्धा वेगवेगळ्या बाजूंनी न्यायच्या, म्हणजे एका जागी जळलं तर तिन्ही जायला नकोत. तिघांनी एकमेकांच्या पाटीत पाहून उत्तर लिहिलं तर तीन ठेवून उपयोग काय? बाबांनी मान डोलावली. आईने चहा किती जणांचा टाकायचा ते विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा चक्कर येऊन पडले. आधी अंगणात, आणि नंतर, काही दिवसांनी, चालत्या मोटारसायकलवरून. आमचं शेत गावापासून बरंच लांब, आणि जायचा रस्ता काही अंतर हायवेवरून आहे. त्या हायवेवर ट्रकची रांग तुटत नाही. नशीब एवढंच, की गाडी डावीकडे कलली आणि सोयाबीनमध्ये शिरली. उजवीकडे कलली असती तर, हा प्रश्न मी पगार नसतानाही रोज विचारत होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदयाचे ठोके मधूनच चुकतात असं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बाबांना सांगितलं, गाडी बंद. यापुढे कधीच नाही.

बाबांना शेतात फेरी मारल्याशिवाय जेवण जात नाही. ते गाडीला हात लावल्याशिवाय राहणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि मी बाराशे कोसांवर असल्यासारखी हतबल होते. घरून अवेळी फोन आला की मी बैठक सोडून बाहेर पळायचे. मग मी जे येतं तेच केलं. बाबांवर तीन साक्षीदार नेमले.

पहिला माझा चुलतभाऊ. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान हायवेला लागून आहे, बाबा गेले तर त्याच्या समोरून जाणार. दुसरी समोरच्या घरातली काकू, तिच्या दारातून आमचं अख्खं अंगण दिसतं. तिसरे बाबांचे मित्र, निवृत्त गुरुजी, त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. घर, रस्ता, शेत, अशा तीन जागा. तिघांशी मी वेगवेगळं बोलले, बाकी दोघांबद्दल एकालाही सांगितलं नाही, आणि रोज संध्याकाळी एकाच प्रश्नाचं उत्तर पाठवायला सांगितलं: बाबा गाडी चालवतात का?

आईला मी मुद्दाम वगळलं. ती स्वतंत्र नव्हती. बाबांशी लग्न झालेली, त्याच घरात राहणारी, त्याच चुलीवरचं जेवणारी बाई माझ्या नियमात साक्षीदार म्हणून बसतच नव्हती. हे मी अगदी गंभीरपणे ठरवलं होतं, हे आता सांगताना मला खाली बघावंसं वाटतं.

उत्तरं येऊ लागली. "बाबा गाडी चालवत नाहीत." तिघांकडून, रोज, हात जोडलेल्या चित्रासकट. मी निर्धास्त झाले. फोनवर बाबांचा आवाजही सुधारला होता. तुरीला फुलं धरली, विहिरीचं पाणी वर आहे, बांधावरच्या बोरीला औंदा बोरं कमी आहेत, असं ते सांगायचे आणि मी "हो का, हो का" करत ऐकायचे. अंगणात बसलेल्या माणसाला बांधावरची बोरं कशी दिसतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. उलट ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरांना मी हे उदाहरण देऊ लागले, की पाहा, तीन स्वतंत्र साक्षीदारांचं एकमत म्हणजे काय चीज असते. उंटावरून शेळ्या हाकणं मराठीत फार आधीपासून आहे. मी फक्त तीन उंट ठेवले होते.

डिसेंबरात एका संध्याकाळी चुलतभावाने स्टेटसला फोटो टाकला. बायकोपोरांसह तो शेगावला दर्शनाला गेलेला, मागे रांग, कपाळाला टिळा. आणि त्याच संध्याकाळी त्याचा निरोप: "आत्ताच पाहिलं. बाबा अंगणात बसले आहेत. गाडी चालवत नाहीत."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. शेगावच्या रांगेतून त्याला आमचं अंगण दिसत होतं. म्हणजे पाटी एकच होती आणि तिघं तीच पाहून लिहीत होते. बाबा गाडी चालवत होते, हायवेवरून, रोज, आणि सगळं गाव मिळून ते माझ्यापासून लपवत होतं. मी घरी कुणाला न कळवता रजा टाकली आणि निघाले.

दुपारी डोणगावच्या स्टँडवर उतरले ती घरी गेलेच नाही. रंगेहाथ पकडायचं म्हणून थेट शेताकडे निघाले, वाटेत कुणी पाहू नये म्हणून हायवे सोडून पांदणीने, म्हणजे बैलगाडीच्या कच्च्या रस्त्याने. सोबत चाकांची बॅग होती. तिची चाकं विमानतळाच्या फरशीसाठी केलेली, पांदणीत ती दर दहा पावलांवर रुतायची. शेवटी मी ती डोक्यावर घेतली. तेवढ्यात समोरून गाडीचा आवाज आला आणि मी बॅगेसकट एका बाभळीमागे लपले. बाभळीमागे माणूस लपत नाही, फक्त काटे लागतात.

स्कूटी आली. चुलतभावाच्या पोरीची जुनी, ती पुण्याला शिकायला गेल्यापासून पडून असलेली. चालवत होती माझी आई.

साडीचा काचा मारलेला, डोक्यावर बाबांचं हेल्मेट, ते मोठं होऊन भुवयांवर आलेलं. दोन्ही पाय बाहेर, जमिनीला लागतील न लागतील असे. हॉर्न वाजवायचा हे तिच्या गावीही नव्हतं. समोरच्या बकऱ्यांना ती तोंडानेच "सरका व, सरका" म्हणत होती. मागे बाबा बसलेले, मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी, चेहरा जहागीरदाराचा. आणि दोघांच्या कमरेभोवती आईचं जुनं विटकरी पातळ घडी करून गुंडाळलेलं, आईच्या पोटावर त्याची गाठ.

मी ओरडत बाहेर आले. आई दचकली, ब्रेक विसरली, दोन्ही टाचा घासत घासत गाडी तिने एका कपाशीच्या बांधाला नेऊन टेकवली.

"काऊन व, फोन नाही काही नाही?" ती धापा टाकत म्हणाली. "जीव जाता न माह्या!"

मी पहिल्यांदा गाडीची किल्ली काढली आणि मुठीत धरली. मग बोलायला लागले. खोटारडे सगळे, म्हटलं, सगळं गाव सामील आहे. बाबा गाडीवरून न उतरता शांतपणे म्हणाले, "खोटं कोन बोललं? तू इचारलं, बाबा गाडी चालवतात का. मी चालवतो का?"

चालवत नव्हते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिघांनी रोज अक्षरशः खरं तेच कळवलं होतं. गावात असलं काही लपत नाही; संध्याकाळी तिघं आमच्याच ओसरीवर जमायचे, आणि बाबाच आठवण करून द्यायचे, "चला, पोरीचा मेसेज टाका." एखादा बाहेरगावी असला तर काकू त्याला फोन करून काय लिहायचं ते सांगायची. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात, की तारा तुटून होतात त्यापेक्षा जास्त चुका मुळात प्रश्न चुकीचा लिहिल्याने होतात. मी ती दुसऱ्यांना शिकवतेही.

"अन् मले काऊन नाही इचारलं?" आई म्हणाली. "मी सांगतलं असतं."

मी पातळाकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"हे व्हय? त्यायले मधातच चक्कर आली तर मांगं पडतीन न."

मग माझा तोल गेला. भीती होतीच, तिला आता शिक्षणाचा आधार मिळाला. "आई, हे सगळ्यांत वाईट आहे! बाबा कलले की तूही त्यांच्याबरोबर जाशील. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला त्याची झळ लागता कामा नये, हा पहिला नियम आहे. मोकळी असलीस तर निदान तू तरी वाचशील!" पांदणीत उभी राहून, केसांत बाभळीचे काटे, मुठीत किल्ली, मी माझ्या आईवडिलांना हेलिकॉप्टरचे सुरक्षेचे नियम ओरडून सांगत होते. बकऱ्यासुद्धा थांबल्या होत्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. हेल्मेट जरा वर सरकवलं.

"मंग?" ती म्हणाली. "त्यायले एकट्यालेच पडू देऊ का व?"

बाबा पिशवीतल्या शेंगा चाचपत दुसरीकडे पाहू लागले. मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. त्या बाईने साठीला आल्यावर स्कूटी शिकली होती, त्यांना शेत दिसावं म्हणून, आणि पडायची वेळ आली तर काय करायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं. मी मात्र ती वेळ येऊ नये म्हणून तीन माणसं बसवली होती आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. भीती गेली नव्हती. ती आजही नाही गेलेली. बॅग तिने पायांपाशी ठेवून घेतली, आणि मला म्हणाली, "तू ये पायी. तिघं नाही बसवत मी." मग गाडी सुरू करता करता तिने पोटाशी हात नेला. माझ्या ओरडण्यात बाबा मागे सरकले होते आणि गाठ ढिली झाली होती. पण तिला दोन्ही हात हँडलला हवे होते, पाय जमिनीला.

"बांध थे," ती म्हणाली.

मी वाकले, गाठ सोडली, पातळ दोघांभोवती नीट ओढून घेतलं आणि पुन्हा बांधली.

"आवळ अजून," आई म्हणाली. मी आवळली.