फोटोत अनघा नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. इथे मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला आमच्या बैठकीत माझ्या सन्मानाचा फोटो लावलाय. माझ्या शेजारी उभे असलेले सर भले गृहस्थ आहेत. पण तिथे ते नको होते. तिथे अनघा हवी होती.

अनघा नागपूरची, मुलं भाषा कशी शिकतात यावर संशोधन करणारी, माझ्याहून बरीच लहान. मी रामाकोन्याजवळच्या एका हिंदी शाळेत पहिलीला शिकवत होते. आमच्याकडची पोरं घरी मराठीत चुरुचुरु बोलतात आणि शाळेत आली की मुकी होतात. म्हणून मी त्यांना आधी आपल्या बोलीत बोलू द्यायची, ती बोलतील तसंच फळ्यावर लिहायची, मग हिंदीकडे न्यायची. दार लोटून, चोरून. अनघाने ते पाहिलं आणि दर गुरुवारी सौंसरहून बसने येऊन वर्गात मागच्या भिंतीशी बसू लागली.

किती भांडलो आम्ही! ती म्हणायची, "बाई, प्रश्न विचारून थांबा ना जरा, उत्तरही तुम्हीच देऊन टाकता." मी म्हणायची, "तू बोलणारीच पोरं टिपतेस, गप्प बसलेल्यांकडे कोण पाहील?" मग एकाच डब्यात जेवायचो. खरं सांगू? एवढ्या नोकरीत माझ्या वर्गासाठी माझ्याशी कोणी भांडलंच नव्हतं. सासुरवाशिणीने माहेरच्या माणसाची पाहावी, तशी मी गुरुवारची वाट पाहायची.

अशाच एका गुरुवारी न कळवता साहेब तपासणीला आले. संत्र्याच्या बगिच्याचं चित्र दाखवून त्यांनी एका पोरीला विचारलं, यात काय दिसतंय. ती धिटाईने म्हणाली, "माही माय बी अशीच संत्रे तोडून राहिली."

"ये क्या सिखा रहे हैं आप लोग?"

काय झालं मला? लांब बदली होईल — एवढंच डोक्यात आलं. मी म्हणाले, "सर, मैंने तो मना किया था. ये इन मैडम का प्रयोग है."

माझंच काम होतं ते. तिच्या येण्याआधीपासूनचं. तिने एक शब्द काढला असता तर मी उघडी पडले असते, पण ती बोलली नाही. शाळेत यायची तिची परवानगी त्याच दिवशी गेली. निघताना म्हणाली, "बाई, त्या पोरीला रागावू नका हं." नाही रागावले. अनघाचे फोन मात्र उचलले नाहीत.

मग वारं फिरलं. घरची भाषा वर्गात आणा, असं वरूनच सांगू लागले. संशोधक आणि शिक्षकांनी जोडीने केलेल्या कामाचा सन्मान ठरला, त्यात माझं नाव गेलं. जोडीला कोण, असं विचारलं. तिचं नाव ओठांवर आलं होतं — पण ती आली असती तर तो गुरुवारही आला असता तिच्यासोबत. मी फोटोतल्या त्या कॉलेजातल्या सरांचं नाव सांगितलं. बिचारे एकदाच वर्ग बघून, चहा पिऊन गेले होते. शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्याही घेतल्या. त्या गुरुवारी निदान बदलीची भीती होती. या दिवशी कसली होती?

परवा पाऊस उघडला, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "बाई, ऊन आंग धुवून आलं." मी हसून मागे वळले, तिला दाखवायला. मागे भिंत होती. असं अजूनही होतं, आणि मग दिवसभर कशात मन लागत नाही.

तिचा नंबर आहे माझ्याकडे. लावत नाही. ती रागावेल म्हणून नाही — ती रागावणारच नाही. "बाई, पोरं कशी आहेत?" असंच विचारेल. तेच मला ऐकवणार नाही.