विलासचा बिल्ला

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. वय बावन्न, राहतो डोंबिवलीत, पाया घालायच्या कामात आयुष्य गेलं... इथे लिहावं की नाही यातच दोन महिने घालवले. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो.

कोपरीच्या बाजूला खाडीत जेट्टीचं काम होतं. तिथे तळाला नुसती मऊ चिकणमाती, खडक फार खोल. म्हणून पालथ्या बादलीसारखं, खोलीएवढं पोलादी नळकांडं तळावर ठेवायचं. थोडं ते आपल्याच वजनाने रुततं. मग पाणबुड्या खाली जाऊन त्याच्या माथ्यावरच्या भोकाचं झाकण लावतो, वर येतो, आणि आम्ही पंपाने आतलं पाणी खेचतो – की नळकांडं चिखलात उतरत जातं. पाणबुड्या खाली असताना पंप लागला तर त्या भोकात हात ओढला जातो... माणूस सुटत नाही. त्यामुळे नियम एकच. पाणबुड्याने वर येऊन गळ्यातला पितळी बिल्ला माझ्या हातात द्यायचा, मगच पंप.

त्या दिवशी नळकांडं तीनदा कललं, तीनदा उचलून परत ठेवलं. जीव मेटाकुटीला आलेला. दुपारी चारच्या सुमाराला विलास, आमचा पाणबुड्या, कोपरीचाच, बार्जवर, म्हणजे आम्ही काम करायचो त्या तरंगत्या फलाटावर, पंपाच्या मागून आला. ओलाचिंब. त्याने बिल्ला माझ्या हातात ठेवला. मी पंप लावायला सांगितला.

पंप सुरू झाला आणि पलीकडच्या कडेला विलासची दोरी धरून उभा असलेला सदाशिव ओरडला, "साहेब, बंद करा. विलास खालीच आहे."

पाच-सहा सेकंद चालला असेल पंप. विलासला वर काढलं तेव्हा डाव्या हातातला हातमोजा गेलेला, मनगट सुजलेलं. गळ्यात बिल्ला नव्हता. तो माझ्या मुठीत होता – ओला, गाळाने माखलेला.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर बाकावर आम्ही दोघेच. मी माफी मागितली. विलास म्हणाला,

"साहेब, मी आलेलो वर. तुमच्या हातात बिल्ला दिला ना मी. मग परत खाली कसा, ते नाय माहीत."

"चौकशीत सांगशील हे?"

"येडा ठरवतील ना. मग पाण्यात कोण सोडणार मला? दोन पोरी आहेत घरात."

मी लिहून दिलं – थकलो होतो, बिल्ला आधीच काढून घेतला होता, चूक माझी. मला साइटवरून उचलून ठाण्याच्या ऑफिसात बसवलं. मित्र म्हणतात भास झाला असेल. एकच भास दोघांना? आणि बिल्ला? खरं सांगतो, उत्तर शोधायचाही कंटाळा आलाय.

विलास अजून त्याच कामावर आहे. काम संपलं की रोज त्याचा फोन येतो, "वर आलो साहेब, घरी निघतो." मी बरं म्हणतो, फोन ठेवतो. आणि मग सदाशिवला लावून विचारतो, विलास खरंच वर आलाय का रे.