सुशी हुंकारासाठी थांबली होती

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. धम्म घेतला तेव्हा सासऱ्यांनी घरातले देव विहिरीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडं अंगारा नाही, उतारा नाही, कुणाच्या अंगात येणं नाही. इथं या ग्रुपवर लोक वाड्यातली बाई नि पिंपळावरचा मुंजा लिहितात, ते मी वाचते आणि हसते. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या दारात घडली. ती मात्र मला हसण्यावारी नेता आली नाही... नात म्हणाली, आज्जी, लिहून टाक. म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव भूमपासून आत, माळावर. सुशीचे वडील आणि मी, दोघंही खडी फोडायला जायचो. सुशी आमची थोरली. चौथीत होती.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मला अक्षरं सुशीनं शिकवली, तीही रद्दीवर. दुकानातनं गूळ, चहापत्ती पेपरच्या पुडीत यायची. ती पुडी सोडून, हातानं सपाट करून ही मला वाचायला बसवायची. चुकलं की कपाळाला हात लावायची. "आई, तुला तर पैल्या बाकावर बसवाय पायजे, गुरुजींच्या छडीजवळ!"

अशाच एका पुडीत तिला मुलांच्या पानावरची गोष्ट सापडली. ढगुल्या नावाच्या बारक्या ढगाची. आईचा हात सुटून तो माळावर उतरतो नि वाट विचारत फिरतो. पण कागद तिथंच फाटलेला! पुढचा तुकडा कुणाच्या चहापत्तीबरोबर गेला कुणास ठाऊक. मग पुढची गोष्ट सुशीनंच रचली.

संध्याकाळी मी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी थापायची अन् ती चुलीपुढं बसून गोष्ट सांगायची. आमच्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबला. अन् ही त्या बाबतीत लई पक्की.

"आई, हं म्हण. न्हायतर म्या गप बसते."

"हं गं बाई, हं."

"असं न्हाय. भाकरीला म्हणल्यासारखं नको. मला म्हण."

त्याच दिवसांत रेडिओवाले टेपचं मशीन घेऊन भूमला आले. मुलांच्या प्रोग्रामसाठी खेड्यातली पोरं पाहिजे होती. गुरुजी सुशीला एसटीनं घेऊन गेले. आली ती फुरंगटूनच.

"आई, तितं कुणीच हं म्हणत न्हवतं! मशीनवाला तोंडावर बोट ठिवून बसलेला. गुरुजी म्हणले, थांबायचं न्हाय, एका दमात सांग. सांगितली बाई. पण काय मजा न्हाय."

"बरं, शेवट काय केलास ते तरी सांग." कारण ढगुल्याची आई त्याला शोधत येते, तिथवरच ती मला रोज आणायची आणि गप व्हायची.

"शेवट रेडिओवर," म्हणाली. "तवर दम धर."

रेडिओवर लागायच्या आधीच सुशी गेली. पाणी तळाला गेलेलं होतं, गावात उलट्या-जुलाब चालू होते. सकाळी लागलं, दुपारी डोळे आत गेले. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर टाकली आणि भूमची वाट धरली. अर्ध्या वाटेतनं परत आले... त्यांच्या चालण्यावरनंच मला कळलं.

पुढं गुरुजींचा निरोप आला, येत्या रविवारी सकाळी सुशीची गोष्ट लागणार. सुशीचे वडील म्हणाले, "मला न्हाय ऐकवणार." मलाही वाटत होतं ऐकू नये. पण शेवट तेवढा राहिला होता ना माझा.

गावात रेडिओ एकच, सोसायटीच्या ओट्यावर. तिथं आमच्या वस्तीतल्या बाया चढत नसत, खाली उभं राहून ऐकायच्या. त्या रविवारी सोसायटीचे शिपाई इमामचाचा तो रेडिओ उपरण्यात गुंडाळून आमच्या दारात घेऊन आले. कुणाला विचारून आणला, की न विचारता... मी कधी विचारलं नाही.

"सेल कालपासून उनात ठेवलेत बेटी," म्हणाले. "दगा न्हाय देनार."

सुशीचे वडील भिंतीकडं तोंड करून बसले. पण बसले. मी परातीत पीठ घेऊन बसले, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. प्रोग्रामच्या ताईनं सुशीचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. आणि आवाज आला.

"एक होता ढगुल्या..."

अन् थांबली.

नुसती खरखर. चाचांनी रेडिओला चापटी मारली, त्याचं तोंड पूर्वेकडं फिरवलं. काही नाही. आणि माझ्या तोंडातनं, सवयीनं हो, अगदी सवयीनं, निघून गेलं... "हं."

"...त्याच्या आईचा हात सुटला आन् तो माळावर उतरला."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. सुशीच्या वडिलांची पाठ ताठ झाली. ती पुन्हा थांबली. या वेळी चाचा स्वतःच "हूं" म्हणाले. खरखरच. मी म्हणाले, तर पुढं निघाली. अशीच गोष्ट चालली. शेळीला तहान लागली, ढगुल्यानं तिला थोडं पाणी दिलं. हं. बाभळीला दिलं. हं. चिमणीला दिलं. देता देता ढगुल्या संपला. हं.

"मग त्याची आई त्याला शोधत आली..."

इथवर मला ठाऊक होतं. पुढचं नाही. ती थांबली.

मी ओठ घट्ट मिटले.

शेवट पाहिजे होता हो मला! पण डोक्यात आलं, मी हं म्हणाले की गोष्ट संपणार. नाही म्हणाले तर थांबून राहील. रोज चुलीपुढं थांबायची तशी, माझ्या तोंडाकडं बघत. राहू दे की थांबून. कुणाचं काय जातंय?

खरखर चालू होती. पीठ मुठीत घट्ट झालं होतं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग चाचा हळूच म्हणाले, "बेटी, हां बोल. बच्ची खडी है उधर. पाय दुखतील तिचे."

पाय दुखतील म्हणाले, आणि माझा धीर सुटला.

"हं," म्हणाले. भाकरीला नाही. तिला.

"...आईनं हाक मारली, ढगुल्या! तर शेळी म्हणाली, ओ. बाभळ म्हणाली, ओ. चिमणी म्हणाली, ओ. आईला कळंना, कुणाला उचलून घिऊ. मग तिनं समद्यांनाच घेतलं. संपली माझी गोष्ट."

ताई बोलली, गाणं लागलं, बातम्या आपल्या वेळेवर लागल्या. वेळेवर! मधी इतकं थांबूनसुद्धा. चाचांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि ते खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी भूमच्या हॉटेलात ऐकली होती. "काय धीटपणे सांगितली पोरीनं! एका दमात. कुठं अडखळली नाही."

मी शब्दन् शब्द म्हणून दाखवला. त्यांनी ऐकलेलेही तेच शब्द. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. "थांबली कुठं?" विचारलं, तर म्हणाले, "थांबली नाहीच हो." सेल उतरले असतील, असंही बोलून बघितलं त्यांनी. पण सेल उतरले की आवाज बारीक होतो. कुणाची वाट बघत नाही.

इमामचाचा शेवटपर्यंत सांगायचे, इमानसे, थांबली होती. सुशीचे वडील त्यावर कधी बोलले नाहीत. पण आमची धाकटी लेक बोलायला लागली, गोष्टी सांगायला लागली, तेव्हा कुठंही असले तरी हातातलं टाकून येऊन बसायचे. हुंकार द्यायला.

मला याचा उलगडा झालेला नाही. आता या वयात होईल असंही वाटत नाही. कुणाला समजलं तर सांगा, रागावणार नाही. एवढंच विचारते... वाचताना मधी मधी मनात "हं" म्हणालात ना?

म्हणाला असाल तर बरं झालं.