डाव्या मडगार्डवरचा पोचा

"धान निघू दे, मंग पाहू."

मिशीवरून तळहात फिरवत पाटील हे म्हणाले, की विषय संपला असं समजायचं. छप्पर गळत असो, भिंत खचत असो, उत्तर एकच. धान दरवर्षी निघायचं आणि पाहायचं मात्र राहून जायचं. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेल. मी तेव्हा आमगावच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहत होतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटार पाटलांनी विकत घेतली. चालवायला ते आपले आपणच शिकले, आणि ते गाडीच्या अंगावर दिसायचं. दारावर बैलाच्या शिंगाचा पोचा, मागे तलावाच्या पाळीवरच्या बाभळीचा, बाजूला धानाच्या गिरणीच्या फाटकाचा. कोणी म्हणालं, पाटील, पोचे काढून घ्या, तर म्हणायचे, "गाडी चालून राहिली ना? मंग कायले काढाचे?"

एक पोचा मात्र पाटलांचा नव्हता. तो पाटलीणबाईंचा होता.

मोटार आली त्या वर्षीच्या दसऱ्याला ती अंगणात नांगर, कुऱ्हाडी, विळे यांच्या शेजारी पूजेला उभी केली होती. पाटलीणबाई दरवर्षी नांगराच्या फाळावर नारळ फोडत. त्या वर्षीही फोडला. मग मोटारीला हळदकुंकू लावलं, दुसरा नारळ उचलला आणि तितक्याच भक्तिभावाने डाव्या मडगार्डवर हाणला. नारळ फुटला नाही, पत्रा मात्र आत गेला.

"नांगर होय का हा? गावंढळच राहिली तू!" पाटील सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले. लोक हसले. मीही हसलो, हसण्यासारखंच होतं ते. पाटलीणबाईंनी नारळ खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

त्याच मोटारीतून पाटील त्यांना सालेकशाकडे माहेरी नेणार होते. आळीभर त्यांनी ते सांगितलंही होतं. आता मात्र बाईंनी आतून निरोप दिला, "माह्या हातचा पोचा निघल, तवाच बसीन मी." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "धान निघू दे, मंग पाहू."

त्या माहेरी गेल्या त्या बैलगाडीनेच. आणि मागून, बैलांच्या चालीने, धूळ खात पाटलांची मोटार. सगळा गाव दारात येऊन ही वरात पाहत होता. पुढची काही वर्षं हे असंच चाललं. दोघांत भांडण असं दिसायचं नाही. बाई वेळेवर जेवायला वाढायच्या, पाटील सुपारी कातरून त्यांच्यापुढे ठेवायचे. फक्त ती मोटार मध्ये उभी होती. एका पोच्याचं काम ते काय, पण पाटलांना ते म्हणजे आपली चूक कबूल करण्यासारखं वाटत असावं.

एका पावसाळ्यात बाईंना ताप भरला. रस्ता चिखलाने बंद होता, मोटार निघणं शक्य नव्हतं. त्यांना रेल्वेने गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

धान निघालं. पाटील मोटारीच्या पायरीवर बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, पोचा काढू का राहू देऊ?" लेक आतून म्हणाली, "राहू द्या जी बाबा. मायच्या हातचा होय तो." मलाही तेच बरोबर वाटलं. बाईंची दुसरी कुठली खूण त्या घरात होती?

दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी मोटार थेट गोंदियाला, पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने गाडीभोवती चक्कर मारली. "सब निकाल दूँ, पाटिल साहब? नई जैसी हो जाएगी."

पाटील बराच वेळ डाव्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते. लेकीचं ऐकतील असं मला वाटलं. मग त्यांनी हात काढला. "हा एवढाच काढ."

ठोकाठोक सुरू झाली. मी हळूच विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांपायी कोणी रुसून नव्हतं राहिलं," पाटील म्हणाले. "लय वाट पाहाले लावली तिले, गुरुजी."

दुपारपर्यंत पत्रा सरळ झाला. पाटलांनी त्यावरून तळहात फिरवला, तो पुन्हापुन्हा फिरवतच राहिले. निघताना मी सवयीने पुढे बसायला गेलो, तर त्यांनी मागचं दार उघडून धरलं.

"तुम्ही मांगं बसा जी, गुरुजी."

मी मागे बसलो. पाटलांनी पुढचं डावं दार उघडलं, धोतराच्या सोग्याने सीट पुसली आणि दार हळूच लावून घेतलं. आमगाव येईपर्यंत गाडी त्यांनी बैलांच्या चालीने चालवली.