शेपटाकडचा ब्रॅकेट

बापूंच्या शेडमध्ये विमान कमी आणि किस्सेच जास्त तयार झाले. आठवले की अजून माझं डोकं उठतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कसबा बावड्यात बापू घरीच दोन सीटचं विमान बांधत होते. मी त्यांचा लेथवाला. सीटवर बसून हातातला दांडा ओढला की शेपटाची फळी वर होणार आणि विमानाचं नाक उचलणार. दांडा आणि फळी जोडणारा एकच ब्रॅकेट, ॲल्युमिनियमचा, तळहाताएवढा. तो हवेत मोडला तर बापू संपले. हे मी सगळ्यांना कंठशोष करून सांगायचो.

*

ऐकतंय कोण! शेडमध्ये येणारा प्रत्येक पावणा आधी ती फळी धरून लोंबकळायचा. वर मलाच सांगायचा, मजबूत हाय का बगतोय की. आपल्याकडं वस्तू बघायची म्हणजे हलवूनच बघायची. वैतागून मी 'हात लावू नये' अशी पाटी ठोकली. लोकांनी पाटीही हलवून बघितली.

*

खंडेनवमीला हत्यारांबरोबर विमानाचीही पूजा झाली. काकींनी, म्हणजे बापूंच्या बायकोनं, तेलात कालवलेलं कुंकू ब्रॅकेटला फासलं. मी चिडून फडक्यानं पुसलं. सगळं निघालं, एक बारीक लाल रेघ तेवढी राहिली. तडा! रोज भिंग लावून मला दिसला नव्हता. "देवीनं दाखवलं," म्हणत बापू दुसऱ्या दिवसापासून इंजिनालाही कुंकू लावायला लागले.

*

नवीन ब्रॅकेट करून त्याला दोन्ही बाजूंनी पातळ स्टीलची पट्टी जोडायची, असं ठरलं. मी एका लग्नाला गारगोटीला गेलतो, तेवढ्यात सर्जेरावानं ते काम उरकून टाकलं. सर्जेराव उसाच्या ट्रॉल्या बनवणारा. त्यानं ट्रॉलीचा जाड लोखंडी अँगलच ठोकला. येऊन बघतो तर विमान शेपटावर बसलेलं, नाक आढ्याकडं!

"आता जन्मात मोडणार न्हाय," सर्जेराव म्हणाला.

"उडणार बी न्हाय," मी म्हटलं. त्याला ते कौतुक वाटलं.

*

ते सगळं उपटून शेवटी मी माझ्या मनासारखा ब्रॅकेट बसवला. पहिल्या उड्डाणाला विमान माळावर नेलं. बापू टोपी घालून सीटवर बसले. काकी आल्या. सगळ्यांना वाटलं, आता रडणार. त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"ते शेपटाकडचं तूच केलंस न्हवं?"

"व्हय, काकी."

"मोडणार न्हाय?"

मी छाती ठोकून सांगितलं, शंभर टक्के.

"मग दुसऱ्या सीटवर तू बस."

बापूंनी सरकून जागा केली. मी खिशातनं पाना काढला आणि शेपटाकडं गेलो.