बोट वर करणारे मास्तर

अपील झालं की मास्तर आधी डोळे मिटायचे. मैदान ओरडत असलं तरी डोळे उघडेपर्यंत निकाल नाही. नवखा गोलंदाज चिडला की म्हणायचे, "थांब की जरा. काय दिसलं ते बघून राहिलो."

निजामाच्या राज्यातली ती अखेरची वर्षं. नांदेडला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी नदीकाठच्या पटांगणावर खेळपट्टी म्हणून काथ्याची चटई अंथरून आमचा क्लब खेळायचा. मास्तर शाळेत उर्दूतून गणित शिकवायचे आणि आमचे पंच होते. चेंडू मोजायला शेरवानीच्या खिशात सहा चिंचोके असत. स्वतः कधी बॅट धरली नाही. विचारलं तर म्हणायचे, "खेळणारे लई हायत. बघणारा एखादाच लागतो."

एकदा हैदराबादहून आलेले एक बडे अंमलदार आमच्याविरुद्ध खेळायला उतरले. माझा चेंडू त्यांच्या बॅटची कड घेऊन गेला, आमच्या रहीमनं यष्टीमागे झेलला. मी सवयीनं ओरडलो. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले आणि बोट वर केलं.

साहेब हलले नाहीत. "आवाज किसने सुना?" त्यांनी मला विचारलं. मी कचेरीत कारकून. घरी म्हातारे आईवडील.

"मैंने नहीं सुना, हुजूर," मी म्हणालो. रहीमनंही मान खाली घातली.

मास्तरांचं बोट वरच होतं. "साहेब, आप आउट हैं," ते शांतपणे म्हणाले.

महिन्याच्या आत मास्तरांची बदली किनवटला झाली. तिथल्या जंगलातल्या हिवतापाला धट्टेकट्टे शिपाईही भीत. मास्तर तर पन्नाशी उलटलेले. स्टेशनावर पोचवायला मी एकटाच गेलो. गाडी हलायच्या आधी कसंबसं बोललो, "मास्तर, मी आवाज ऐकला होता."

"ठाऊक हाय मला. तू अपील केलं व्हतंस ना? तेवढंच मी ऐकलं. नंतरचं न्हाई." त्यांनी खिडकीतून माझा हात दाबला. "आईवडलांना जप."

पुढच्या पावसाळ्यात किनवटहून पत्र आलं. हिवतापानं मास्तर गेले होते.

त्या शुक्रवारी क्लबातले सगळे चटईभोवती उभे राहिले. कचेरीतले लोकही होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तरांचे गुण सांगावेत म्हणून तोंड उघडलं, पण वेगळंच बाहेर आलं.

"त्या दिवशी चेंडू बॅटला लागला होता. मी ऐकला होता आवाज."

माझ्या शेजारून रहीमचा दबका आवाज आला, "मीबी ऐकला व्हता."

मग आणखी एकजण म्हणाला. मग आणखी एक.